दोन लाटांच्या मधला ठोका

धक्क्यावरून कुठलंही गलबत सुटायची वेळ झाली, की तो म्हातारा काठी टेकत यायचा आणि सुकाणूवरच्या माणसाला एकच गोष्ट सांगायचा, "लाटेबरोबर ठोकू नका. दोन लाटांच्या मध्ये ठोका." सांगून झालं की आला तसा परत. नव्या पोरांना काही कळायचं नाही. आता गलबतांवर यंत्रं आली, बोलायचे डबे आले, ठोके देतो कोण? "हो आजोबा, मध्येच ठोकू," असं म्हणायची आणि म्हाताऱ्याची पाठ वळली की खिदळायची. त्याचं नावच त्यांनी 'मधला' पाडलं होतं. त्याला ते ठाऊक होतं. हसणाऱ्याचे दात दिसतात, एवढंच, असं तो म्हणायचा.

हा मधला एके काळी तांडेल होता. तांडेल म्हणजे गलबतावरचा शेवटचा शब्द. बाप तांडेल, म्हणून हाही तांडेल. शाळेत घातला होता, पण शाळेच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, तिथेच घोडं अडलं. बापाचं गलबत जुनं होतं पण हाडाचं चांगलं. मध्ये एक डोलकाठी, मागे सुकाणू, पोटात माल, आणि सुकाणूच्या बरोबर खाली दोन माणसं जेमतेम आडवी होतील एवढी कोठडी. कोठडीचं छत म्हणजेच वर सुकाणू धरणाऱ्याच्या पायाखालची फळी. किनारा सोडून पाच-पाच दिवस खोल समुद्रातून जायचं, माणसं चारच, म्हणजे झोप वाटून घ्यावी लागायची. एकाने सुकाणू धरायचं, बाकीच्यांनी खाली.

आणि या ठोक्याची रीत तिथली. सुकाणूवर उभं असलेल्याच्या मनगटाला दोरीने एक लाकडी मोगरी बांधलेली असायची. मधूनमधून तिने पायाखालच्या फळीवर एक ठोका द्यायचा. एक ठोका म्हणजे 'मी आहे'. लागोपाठ तीन म्हणजे 'वर या'. आणि ठोका आलाच नाही, तर विचार करत बसायचं नाही, उठून पळायचं. आई पोराच्या रडण्याने जागी होते, ही माणसं उलटी. ठोका पडत असला की घोरायची आणि थांबला की टुणकन उठून बसायची.

बापाने त्यात एक बारीक गोष्ट घालून ठेवली होती. लाट गलबत उचलते, खाली आपटते, तेव्हा ठोकायचं नाही. ती गेली आणि दुसरी यायची आहे, त्या मधल्या उसंतीत ठोकायचं. "लाटेबरोबर वाजतं ते गलबत," बाप म्हणायचा, "मध्ये वाजतो तो माणूस." लहानपणी ही दोघं भावंडं, तांडेल आणि त्याची धाकटी बहीण, जेवणाच्या पाटावर चमच्यांनी हाच खेळ खेळायची आणि आईच्या हातचा धपाटा खायची.

ही धाकटी पुढे एका घड्याळजीला दिली. वाकलेली पाठ, एका डोळ्याला भिंग, हात बाईसारखे मऊ. लग्नात त्याला पाहून तांडेल बायकोच्या कानाशी लागला, "हा माणूस वाऱ्याने उडेल."

"म्हणूनच दुकानात बसतो," बायको म्हणाली. "तुमच्यासारखा वाऱ्याला शोधत फिरत नाही."

घड्याळजी माणूस सरळ होता. टेबलावर घड्याळ उघडलं असेल आणि पाणी प्यायला जरी उठला, तरी त्यावर आधी काचेचा पेला पालथा घालणार, मगच उठणार. धूळ बसू नये म्हणून. बहीण त्याला हसायची आणि त्याच्यासाठी पेला घासून ठेवायची. पोरबाळ नव्हतं त्यांना. घड्याळंच वीस-पंचवीस. घरभर टिकटिक.

पण काळ कुणासाठी थांबतो? आणि घड्याळजीसाठी तर मुळीच थांबत नाही. सेलवरची घड्याळं आली. बिघडलं की फेका, नवं आणा. दुकानात लोक यायचे ते पट्टा बदलून घ्यायला, आणि पट्टा बदलायला घड्याळजी कशाला हवा? ते काम बहीणच करायची. हा भिंग लावून रस्त्याकडे बघत बसायचा. घरात बसलेला रिकामा पुरुष म्हणजे दारात ठेवलेला रिकामा हंडा, येता-जाता प्रत्येकाच्या पायात येतो.

त्या वर्षी गलबतावरच्या चौथ्या माणसाने गोदीत पाय मोडून घेतला. तांडेल माणूस शोधत होता. बहिणीकडे बसून तेच रडगाणं गात होता, तर घड्याळजी भिंग काढून म्हणाला, "मी येऊ का?"

तांडेल हसला. बहीण हसली नाही.

"दादा, विहिरीत वाकून पाहिलं तरी यांना गरगरतं."

"सुरुवातीला होतंच तसं. मलाही झालं होतं."

"तू तेव्हा सहा वर्षांचा होतास. हे शेहेचाळीसचे आहेत."

"अगं, जसे नेतो तसे आणून देतो. डोक्यावरचा एक केस कमी होणार नाही."

"केसांचं म्हणशील तर तिथे आधीच दुष्काळ आहे," ती म्हणाली, आणि घड्याळजीने टकलावरून हात फिरवला तशी तिघंही हसली. मग तिचं हसू संपलं. "हसण्यावारी नेऊ नकोस, दादा. शब्द दिलास तू."

"दिला."

एवढं सोपं होतं ते. 'दिला' म्हणायला किती वेळ लागतो?

त्या गलबतावर नावं उलटी ठेवायची खोड होती. स्वयंपाक करणारा म्हातारा झोपेतसुद्धा बडबडायचा, म्हणून तो 'मुका'. दुसरा खलाशी काडीसारखा, म्हणून तो 'पैलवान'. घड्याळजीचं नाव मात्र उलटं ठेवावं लागलं नाही. तांडेलाच्या घरचा जावई, म्हणून जावईबापू. त्यात तांडेलाची पंचाईत अशी की जावयाला अरेतुरे करता येईना, आणि खलाशाला अहोजाहो करून काम होईना. "अहो जावईबापू, तो दोर सोडा हो, तो तुमच्या बापाचा नाही," असं काहीतरी मधलंच निघायचं आणि मुका पोट धरून हसायचा.

पहिल्या फेरीत जावईबापू ओकला. दुसऱ्या फेरीत कमी ओकला. हाताने मात्र हुशार. गाठ एकदा दाखवली की पक्की. सुकाणू बांधायचं झालं तर दोन वेढे आणि वर गाठ, अशी नीटस की सोडायला वाईट वाटावं. फक्त ठोका काही जमेना. लाट आली की दोन्ही हातांनी सुकाणू दाबायचं, लाट गेली की श्वास घ्यायचा, त्यात ठोकायचं राहूनच जायचं. एका दुपारी खाली झोपलेला तांडेल चार वेळा धडपडत वर आला. चौथ्यांदा तर नुसत्या चड्डीवर.

"जावईबापू, जिवंत आहात एवढंच कळवायचं असतं हो!"

"लक्षात राहत नाही, काय करू? मध्ये म्हणजे नेमकं केव्हा?"

तांडेल झोपेला आला होता. झोपेला आलेला राजा राज्यसुद्धा लिहून देईल. तो म्हणाला, "मध्ये-बिध्ये सोडा. लाटेने मागची बाजू उचलली, की एक ठोका. दर लाटेला एक. घड्याळासारखं. ते तर जमेल?"

जावईबापूचा चेहरा खुलला. "म्हणजे समुद्र लोलक, आणि मी टोल."

"टोल म्हणा, घंटा म्हणा, पण वाजा."

मुका भांडी घासता घासता म्हणाला, "तांडेल, तुमचा बाप मध्ये ठोकायला सांगायचा."

"बापाच्या गलबतावर जावई नव्हता," तांडेल म्हणाला, आणि खाली जाऊन झोपला. खरंच सांगायचं तर इतकी चांगली झोप त्याला कधी लागली नव्हती. दर लाटेला एक ठोका, ना कमी ना जास्त. पाळण्यात निजल्यासारखं वाटायचं.

तिसऱ्या फेरीला पोटात कौलं होती. कौलं फुटू नयेत म्हणून थरांमध्ये वाळलं गवत घालतात. किनारा दिसेनासा होऊन दोन दिवस झाले आणि सकाळी आकाश शिळ्या जखमेसारखं पिवळं झालं. दुपारपर्यंत वारा असा सुटला की बोललेला शब्द तोंडातच परत यायचा. मोठं शीड उतरवलं, टेबलावरच्या चादरीएवढा तुकडा ठेवला. छोटं इंजिन होतं, त्यात पाणी गेलं, ते पहिल्याच संध्याकाळी गप्प झालं. फळ्यांच्या फटींतून पाणी आत येऊ लागलं. हाताने हापसायचा पंप होता, पण भिजलेलं गवत कौलांमधून सुटून त्यात अडकायचं. पैलवान पंपाच्या तोंडाशी उपडा पडून खांद्यापर्यंत हात घालायचा आणि मूठ-मूठ गवत बाहेर काढायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या दंडाची सालं निघाली होती. मुका बडबडायचा थांबला होता, यावरूनच काय ते समजावं.

तांडेल दोन दिवस सुकाणूवर होता. बसला नाही, आडवा झाला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा थोडा पडल्यासारखा वाटला. पडला नव्हता, माणसाला सवय होते एवढंच. जावईबापू सरपटत त्याच्याजवळ आला. ओठ मिठाने फुटले होते.

"तुमचे डोळे मिटलेत," तो म्हणाला.

"उघडे आहेत."

"मगाशी मी तुमच्यासमोर हात हलवला. तुम्हाला दिसला नाही. द्या इकडे. थोडा वेळ. मी ठोकतो."

तांडेलाने सुकाणू दिलं. मोगरी त्याच्या मनगटाला स्वतः बांधली. खाली जाताना त्याने पाहिलं, की मोठ्या शिडाची लाकडी कप्पी, दोन मुठींएवढी, डोलकाठीपासून मागे जाणाऱ्या दोराला लटकत होती आणि तिचं बांधण सैल झालं होतं.

"त्या कप्पीकडे जाऊ नका," तो म्हणाला. "मी उठल्यावर बांधतो."

"बरं."

दोघांचं शेवटचं बोलणं ते एवढंच. कोठडीचं झाकण आतून ओढून घ्यावं लागलं, नाहीतर पाणी आत आलं असतं. तांडेल ओल्या कपड्यांनीच आडवा झाला. लाट आली. ठक. लाट आली. ठक. तिसरा ठोका त्याने ऐकला की नाही कोण जाणे.

मध्ये एकदा त्याला जाग आली. पूर्ण नाही, अर्धी. फटीतून येणारा उजेड डावीकडे असायचा तो पायाशी आला होता. गलबत वळल्यासारखं वाटत होतं. तो ऐकत राहिला. लाट आली. ठक. 'आहेत,' त्याने मनात म्हटलं, 'सांभाळतील.' आणि कूस बदलली.

मग त्याला उठवलं ते मुक्याने. मुका झाकणातून अर्धा खाली आला होता, हातात गरम पाण्याचा तांब्या, तांब्यातलं पाणी सगळं सांडलेलं.

"तांडेल, सुकाणूवर कोण आहे?"

"जावईबापू."

"नाहीत."

"आहेत की. ठोका येतोय."

"तांडेल, वर कोणी नाही."

आणि तेवढ्यात लाट आली, आणि वर ठोका पडला. ठक.

दोघंही छताकडे बघत राहिले. मुक्याच्या तोंडाचा आ झाला तो तसाच. मग तांडेल त्याला बाजूला ढकलून वर गेला.

सुकाणू बांधलेलं होतं. दोन वेढे आणि वर गाठ. मोगरी मनगटावरून सोडून तिथेच खुंटीला अडकवलेली. आणि लाटेने गलबत उचललं की दोराला लटकलेली ती कप्पी मागे यायची आणि फळीवर आपटायची. लाकडावर लाकूड. दर लाटेला एक, ना कमी ना जास्त. कप्पीच्या आकड्यात नव्या दोरीचं एक टोक ओवलेलं होतं. तांडेलाने शिकवलेली गाठ, पहिला फास पडलेला, दुसरा पडायचा राहिलेला.

पैलवान पंपावरून वर आला. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्याने विचारलं ते इतकंच, "केव्हा?"

याचंच उत्तर कुणाकडे नव्हतं. रीतीप्रमाणे ठोका थांबला असता आणि ते वर आले असते, तर माणूस हाकेच्या अंतरावर असता. दोर फेकता आला असता, निदान कुठे बघायचं ते कळलं असतं. आता कुणालाच सांगता येईना, की आत्ता गेला, की तांडेलाला पहिली डुलकी लागली तेव्हाच गेला. किती मागे जायचं? आयुष्यभर वेळ दुरुस्त करणाऱ्या माणसाची वेळ कुणाला माहीत नव्हती.

तरी त्यांनी गलबत वळवलं. तसल्या समुद्रात वळवायचं नसतं. दोनदा ते आडवं झालं, आतली कौलं घसरल्याचा खळकन आवाज आला, एका बाजूला कललं ते कललंच. पैलवान डोलकाठीला स्वतःला बांधून वर चढला आणि बघत राहिला. मुका नाव घेऊन हाका मारत होता. जावईबापू म्हणून नाही, त्याच्या खऱ्या नावाने. उजेड उतरेपर्यंत त्यांनी शोधलं. टोपी नाही, चप्पल नाही, काही नाही. समुद्राला घेतलेलं परत द्यायची सवय नाही.

शेवटी पैलवान खाली उतरला. "तांडेल, आता आणखी एकदा वळवलं तर चौघंही जाऊ."

"तिघं," तांडेल म्हणाला.

"तिघं," पैलवान म्हणाला.

तांडेलाने सुकाणू सरळ केलं. शब्द बहिणीला दिला होता, आणि या दोघांनाही बायका होत्या. कुणाच्या पदरात काय टाकायचं ते त्याने तिथे ठरवलं.

पलीकडच्या बंदरात कचेरीतल्या माणसाने कागद पुढे ओढला आणि विचारलं, कसं झालं? पैलवानाने तांडेलाकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, "मोठी लाट आली. सुकाणूवरून ओढून घेऊन गेली. कुणाला काही करता आलं नाही." माणसाने तसं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर पैलवान म्हणाला, "घरीही हेच सांगायचं. खोटं काय आहे त्यात? लाटच होती ना?" मुक्याने मान डोलावली. त्या फेरीनंतर मुक्याला त्याचं नाव खरोखरच शोभायला लागलं होतं.

परतीचा वारा चांगला होता, हीसुद्धा एक चेष्टाच. सहा दिवस तांडेल सुकाणूवर उभं राहून लाटांच्या मध्ये ठोके देत होता आणि ते एक वाक्य पाठ करत होता. मोठी लाट आली. सुकाणूवरून घेऊन गेली. कुणाला काही करता आलं नाही.

तो दुकानात शिरला तेव्हा एक गिऱ्हाईक पट्टा बदलून घ्यायला उभं होतं. बहिणीने मान वर केली. भावाकडे पाहिलं, मग त्याच्या मागे दारात पाहिलं. दारात कोणी नव्हतं. तिने मान खाली घातली, पट्ट्याची खीळ बसवली, दाबून पाहिली, घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. ते रस्त्यावर गेल्यावर म्हणाली, "बोल."

त्याने वाक्य म्हटलं. एकही शब्द चुकला नाही.

सगळी घड्याळं आपापली चालत होती. मग तिने विचारलं, "सुकाणू कसं होतं?"

"कसं म्हणजे?"

"मोकळं होतं की बांधलेलं?"

हे त्याने पाठ केलं नव्हतं. "बांधलेलं," तो म्हणाला. "दोन वेढे, वर गाठ."

"म्हणजे हे तिथून उठून गेले होते." तिचा आवाज टेबलावरच्या घड्याळासारखा सरळ होता. "पाणी प्यायला उठायचं तरी पेला पालथा घालणारा माणूस. लाटेने नेलं असतं तर सुकाणू मोकळं राहिलं असतं. मला काय वेडी समजलास, दादा?"

"नाही."

"कुठे जात होते?"

"कप्पी सुटली होती, ती बांधायला. मी सांगितलं होतं, जाऊ नका."

"मग का गेले? सांगितलेलं ऐकायचे ते."

"आपटत होती ती."

"आपटू दे की. गलबतावर सगळंच आपटतं."

तांडेलाने मान खाली घातली. "दोन दिवसांच्या जागरणाने मी खाली झोपलो होतो, आणि ती लाटेबरोबर आपटत होती. आणि यांचा ठोकाही लाटेबरोबरच होता. मीच तसं सांगितलं होतं."

तिला समजायला एक क्षण लागला. तीही त्याच बापाची मुलगी. "बाबा मध्ये ठोकायला सांगायचे," ती म्हणाली.

"हो."

"आपण चमच्यांनी खेळायचो."

"हो."

ती उठली, आणि भिंतीकडे बोट केलं. तिथे सगळ्यात वर, जवळजवळ छताला टेकून, एक मोठं लाकडी घड्याळ होतं. "ते बघ. टेबलावरच्यापेक्षा दोन मिनिटं मागे आहे. मुद्दाम. यांना दोन घड्याळं एकदम वाजलेली चालायची नाहीत. म्हणायचे, दोन्ही बरोबर वाजली, तर त्यातलं एक बंद पडलं तरी कळायचं नाही." ती थांबली. "यांच्या लक्षात आलं असणार, दादा. कप्पी आपल्याबरोबर वाजतेय म्हणून. तुला आपला ठोका वेगळा ऐकू यावा, म्हणून गेले ते बांधायला."

तांडेल खाली बसला, जमिनीवरच.

"तू झोपला होतास," ती म्हणाली. "दोन दिवसांचा जागा होतास. त्याला मी काय म्हणणार?"

इथे त्याला गप्प बसता आलं असतं. पैलवानाला ठाऊक नव्हतं, मुक्याला ठाऊक नव्हतं, देवाने सांगितलं असतं तरच तिला कळलं असतं. पण एकदा शब्द मोडला होता, दुसऱ्यांदा कुठे तोंड लपवणार?

"मध्ये एकदा जाग आली होती," तो म्हणाला. "गलबत वळल्यासारखं वाटलं. उठावंसं वाटलं. मग ठोका ऐकला. म्हटलं, आहेत. आणि कूस बदलली."

बहिणीने तोंडावर पदर घेतला नाही, ओरडली नाही. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. टेबलावरचं घड्याळ वाजलं. त्याचे टोल संपले. दोन मिनिटं गेली. मग भिंतीवरचं वाजलं.

"त्याला दर आठवड्याला किल्ली द्यावी लागते," ती म्हणाली. "आज तो वार. माझा हात पोचत नाही. ते स्टूल घे."

तो स्टुलावर चढला. किल्ली घड्याळातच होती. फिरेनाशी होईपर्यंत फिरवली आणि उतरला. तिने बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो दारापर्यंत गेल्यावर पाठमोरीच म्हणाली, "पुढच्या आठवड्याला ये."

तांडेल पुन्हा खोल समुद्रात गेला नाही. गलबत पैलवानाच्या हाती दिलं आणि स्वतः गोदीत फळ्यांच्या फटी बुजवायच्या कामाला लागला. दिवसभर फटीत कापूस ठोकायचा आणि वर डांबर. घरात मात्र ठोक्यासारखं काही चालायचं नाही. नळ ठिबकला, खिडकी आपटली, की जेवणावरून उठायचा, दोन वेढे घालून वर गाठ मारायचा. बायको म्हणायची, "घर आहे हे, वादळात सापडलेलं नाही." पण तिने कधी ती गाठ सोडली नाही. दुपारची झोप तर त्याच्या आयुष्यातून कायमचीच गेली.

आठवड्याचा तो वार त्याने चुकवला नाही. तापात गेला, बायकोला पुरून आला त्या आठवड्यातही गेला. बहीण दार उघडायची, हाताची घडी घालून लांब उभी राहायची, आणि तो वर चढायचा. बोलणं कामापुरतं. गंगाळभर पाण्यात एक थेंब दूध टाकावं तेवढं. लोक म्हणायचे, काय ही बहीण, भावाला पाणीसुद्धा विचारत नाही. कुणी म्हणायचं, काय हा भाऊ, नवरा बुडवून वर तोंड घेऊन जातो. दोघंही ऐकायची. किल्ली दिली जायची, घड्याळ चालायचं, आणि त्यापलीकडे त्या दोघांत काही आहे की नाही, हे त्या दोघांनाही सांगता आलं नसतं.

बाराव्या वर्षी त्याचा गुडघा गेला. काठी आली. त्या वारी तो काठी भिंतीला टेकवून स्टुलावर चढला, हात वर केला, किल्ली पकडली, आणि पायाखाली स्टूल डुगडुगलं. खाली बघायची त्याची हिंमत झाली नाही. तेवढ्यात स्टूल स्थिर झालं. बहिणीने दोन्ही हातांनी पाय धरले होते, स्टुलाचे.

"हळू," ती म्हणाली. "एक गेलाय तो पुरे."

"धरलंस?"

"धरलंय. दिसत नाही म्हणून विचारतोस?"

"खाली बघवत नाही."

तिने वरची टिकटिक ऐकली. मग स्टुलाच्या लाकडावर बोटाचं पेर आपटलं. घड्याळाची एक टिक गेली होती, दुसरी यायची होती, त्याच्या बरोबर मध्ये.

म्हाताऱ्याने किल्ली फिरवली. ओठ घट्ट मिटून, दमादमाने, शेवटपर्यंत. खाली टेबलावरचं घड्याळ वाजलं. त्याने हात काढला नाही, तिने स्टूल सोडलं नाही, आणि दोघंही वरचं वाजायची वाट बघत थांबली.